परदेशी विद्यार्थी घरी ठेवताना : एका यजमान-कार्यक्रमाचे परीक्षण

गेल्या वर्षीच्या जुलैपासून या वर्षीच्या मेपर्यंत, म्हणजे सुमारे दहा महिने, ब्राझीलच्या दक्षिण टोकाच्या रिओ ग्रांदे दो सुल या राज्यातून आलेला सोळा वर्षांचा एक मुलगा नाशिकमधील आमच्या घरी राहिला. घरात मी, माझे पती, सातवीत शिकणारा आमचा मुलगा आणि सासूबाई असे चौघे आहोत. मराठीत नवऱ्यालाही यजमान म्हणतात आणि पाहुणा उतरवून घेणाऱ्यालाही. आमच्या घरी हे दोन्ही अर्थ प्रथमच एकाच माणसाला लागू झाले आणि दोन्हींची कामे बहुतेक मलाच करावी लागली, हेही सुरुवातीलाच नोंदवून ठेवते. हे परीक्षण त्या मुलाचे नाही. ज्या कार्यक्रमातून तो आला त्या कार्यक्रमाचे, म्हणजे त्याची तयारी, कागदपत्रे, मदतीची व्यवस्था आणि शाळेची सोय यांचे हे परीक्षण आहे. माझे मत थोडक्यात असे की मुलगा निवडण्यात आणि त्याला घडवून पाठवण्यात या व्यवस्थेने उत्तम काम केले, परंतु यजमान कुटुंबाला तयार करण्याचे आणि सांभाळण्याचे काम तिने जवळपास केलेच नाही.

शालेय वयातील मुलांना परदेशातील कुटुंबात वर्षभर ठेवण्याची कल्पना नवी नाही. पहिल्या महायुद्धात 1915 मध्ये फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना वाहून नेणारे रुग्णवाहिकांचे एक अमेरिकी स्वयंसेवक पथक होते. दुसऱ्या महायुद्धातही काम केल्यावर त्याच पथकातील लोकांनी 1947 पासून शालेय विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू केली, आणि आज एएफएस या नावाने ती संस्था ओळखली जाते. रोटरीचा युवा आदानप्रदान कार्यक्रमही आपल्याकडील शहरांत बऱ्यापैकी परिचित आहे. या दोन मोठ्या संस्थांखेरीज लहान संस्थाही या क्षेत्रात आहेत आणि आमचा मुलगा अशाच एका लहान संस्थेमार्फत आला. तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या तक्रारींतील बऱ्याचशा एका संस्थेपुरत्या आहेत असे मला वाटत नाही.

या कार्यक्रमांची एक अट वाचकांना ठाऊक असावी. यजमान कुटुंबाला राहण्या-जेवणाचे पैसे मिळत नाहीत. विद्यार्थ्याचे पालक विमानभाडे, विमा आणि संस्थेचे शुल्क भरतात, हातखर्चाला पैसे पाठवतात, आणि यजमान कुटुंब खोली, जेवण आणि पालकत्व देते. हा सशुल्क निवासाचा धंदा नव्हे. त्यामुळे एखाद्या खानावळीचे परीक्षण करावे तसे पैशांच्या मोबदल्यात काय मिळाले हे येथे मोजता येत नाही. आमच्या हिशोबाने दूध, फळे, गॅस, पेट्रोल आणि वाढत्या वयाच्या मुलाची भूक धरून महिन्याला आठ-नऊ हजार रुपये जास्त लागले. ते आम्हाला जड गेले नाहीत, परंतु ज्यांना जातील त्यांना ते कोणीतरी आधी सांगायला हवे. आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

निवडीच्या वेळी संस्थेचे दोन प्रतिनिधी घरी आले, सुमारे चाळीस मिनिटे बसले, मुलासाठीच्या खोलीची छायाचित्रे घेतली, स्वतंत्र खाट आहे ना हे पाहिले, चहा घेतला आणि गेले. आमच्या पार्श्वभूमीची चौकशी त्यांनी आमच्या दोन परिचितांना दूरध्वनी करून केली. एका अल्पवयीन मुलाला अनोळखी घरात दहा महिने ठेवायचे असताना एवढी चौकशी मला यजमान म्हणून सोयीची वाटली आणि आई म्हणून अपुरी वाटली. नंतरही कोणी न कळवता घर पाहायला आले नाही. मोठ्या संस्थांत पोलीस पडताळणी आणि अचानक भेटींची पद्धत असते; ज्यांना आपल्या मुलांना बाहेर पाठवायचे आहे त्यांनी संस्थेला हा एक प्रश्न तरी अवश्य विचारावा.

अर्जात आम्ही ‘शाकाहारी घर’ या चौकटीत खूण केली होती आणि मुलाच्या अर्जात ‘सर्व काही खातो’ असे लिहिले होते. संगणकाच्या दृष्टीने जोडी जुळली. रिओ ग्रांदे दो सुलमध्ये रविवार म्हणजे अंगणात निखाऱ्यांवर भाजलेले गोमांस, हे त्या दोन चौकटींना कोठून कळणार? महाराष्ट्रात 2015 पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, हेही त्याला आम्ही जेवणाच्या टेबलावर दुसऱ्या दिवशी सांगितले. तो क्षणभर गप्प बसला आणि मग म्हणाला की घरून निघताना शेवटच्या रविवारी त्याच्या आजोबांनी जरा जास्तच आग्रह का केला ते आता समजले. त्याचा विनोद समजायला मला दोन आठवडे लागले, पण त्या दिवशी सुटका झाल्यासारखे वाटले. पुढे तो बाहेर मित्रांबरोबर चिकन खाऊ लागला आणि सासूबाईंनी त्याविषयी काहीही विचारायचे नाही, असा एक अलिखित करार घरात झाला.

कागदपत्रांच्या बाजूने संस्थेने मुलाकडचे काम चोख केले होते. ब्राझीलहून भारतात येणाऱ्याला पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि ती लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात पाठवतात. मुलाच्या पारपत्राच्या पाकिटात ते पिवळे कार्ड सर्वांत वर होते. आमच्या बाजूचे मात्र कोणी काही सांगितले नव्हते. परदेशी नागरिकाला घरात ठेवणाऱ्याने त्याच्या आगमनापासून 24 तासांत पाहुण्याच्या नोंदणीचा ‘सी फॉर्म’ (नव्या नियमांत ‘फॉर्म 3’) सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरावा लागतो, मग तो पाहुणा नातेवाईक असो वा विद्यार्थी, आणि राहणारी जागा हॉटेल असो वा स्वतःचे घर. आम्हाला ही गोष्ट समजली ती कोपऱ्यावर लॉज चालवणाऱ्या शेजाऱ्यांकडून, तीही मुलगा येण्याच्या आदल्या रात्री. घरमालक म्हणून त्या संकेतस्थळावर आधी स्वतःची नोंद करावी लागते आणि तिला मंजुरी मिळायला वेळ लागतो. म्हणून माझे पती दुसऱ्या दिवशी सकाळीच पोलिसांच्या विदेशी नागरिक नोंदणी कक्षात जाऊन बसले. तेथील हवालदारांनी फारच सौजन्याने काम करून दिले. शिवाय 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने 14 दिवसांच्या आत स्वतःची वेगळी नोंदणी करायची असते, तीही त्यांनीच आठवण करून दिली. चाळीस पानांच्या यजमान-पुस्तिकेत भांडी धुण्याच्या यंत्राचे वेळापत्रक मुलाला कसे समजावावे यावर अर्धे पान होते, आणि सी फॉर्मचा उल्लेख एकाही पानावर नव्हता. त्याच्या मोबाइलचे सिमकार्डही, तो अठरा वर्षांखालील असल्याने, पतींच्या नावावर घ्यावे लागले.

त्या पुस्तिकेतील एक गोष्ट मात्र खरोखर उपयोगी पडली आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. पहिल्या रात्री मुलाने आणि यजमानांनी समोरासमोर बसून वाचायची प्रश्नांची एक यादी त्यात होती. मी तुम्हाला काय हाक मारू, मळके कपडे कोठे टाकू, आंघोळ सकाळी करू की रात्री, फ्रिज न विचारता उघडला तर चालेल का, दार लावून झोपू का, असे साधे प्रश्न. पोर्तुगीजमध्ये आणि इंग्रजीत ते छापलेले होते. आम्ही प्रत्येकाला मराठीत उत्तर देऊन मग इंग्रजीत सांगितले. आमच्यापैकी कोणीही आपल्या घराचे नियम कधी मोठ्याने उच्चारले नव्हते. फ्रिजच्या प्रश्नाला मी हो म्हटले आणि त्याच क्षणी सासूबाई नाही म्हणाल्या, तेव्हा आमच्याच घरात वीस वर्षे दोन कायदे चालू होते असे ध्यानात आले.

हाक मारण्याच्या प्रश्नावर पुस्तिकेने ‘आई’ सुचवले होते, जे मला पटले नाही आणि त्यालाही पटलेले दिसले नाही. त्याची आई हयात होती आणि दर दोन दिवसांनी दूरध्वनी करीत होती. मी ‘काकू’ सुचवले. तो हसला आणि म्हणाला की ब्राझीलमध्ये मित्राच्या आईला किंवा बालवाडीतील बाईंना मुले ‘तिया’ म्हणतात, म्हणजे मावशी, आत्या, काकू यांपैकी काहीही. प्रश्न पाच सेकंदांत मिटला. सासूबाईंना तो आजी म्हणू लागला आणि पहिल्याच सकाळी, त्यांच्याकडील रीतीप्रमाणे, त्यांना मिठी मारायला पुढे झाला. सासूबाई ताठ उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून तो नमस्कार करू लागला आणि गणपतीपर्यंत मिठीही चालू लागली. दोघांनी आपापली एक पायरी सोडली, मध्ये कोणाला पडावे लागले नाही.

भाषेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या कार्यक्रमाने ज्या एका गोष्टीचा फायदा घ्यायला हवा होता आणि घेतला नाही, ती हीच. संस्थेने त्याला येण्यापूर्वी हिंदीचे काही ऑनलाइन धडे दिले होते. नाशिकच्या घरात येणाऱ्या मुलाला हिंदी का शिकवली, याचे उत्तर मला मिळाले नाही. मराठीचे त्याला एकही वाक्य येत नव्हते. परंतु शब्द येत होते, आणि हे त्याला किंवा आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. पहिल्या सकाळी मी त्याला न्हाणीघर दाखवताना ‘बादली’ म्हटले आणि त्याने ‘बाल्दे?’ असे विचारत बादलीवर बोट ठेवले. मग साबण निघाला, तर तो त्यांच्याकडे ‘साबाउं’. चावी दिली, तर ‘शावी’. पाव म्हणजे ‘पाउं’, आणि बटाटा तर अक्षरशः बटाटाच. वसईवर 1739 पर्यंत पोर्तुगीजांचे राज्य होते आणि गोव्यावर त्याहूनही कितीतरी अधिक काळ होते, हे आम्ही शाळेत पाठ केले होते, पण त्या इतिहासाचा आम्हाला झालेला पहिला घरगुती उपयोग हा. आमच्या मुलाने स्वयंपाकघराच्या दारावर एक कागद चिकटवला आणि दोन्ही भाषांत सारखे सापडणारे शब्द त्यावर लिहीत गेला. काजूवर मोठा वाद झाला, कारण ब्राझीलमध्ये काजू म्हणजे बोंड आणि आपल्याकडे काजू म्हणजे बी. झाड मूळचे त्यांचेच, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इकडे आणलेले, तेव्हा शब्दावर हक्क त्याचा, असा निकाल माझ्या पतींनी दिला. डिसेंबरपर्यंत तो भाजीवालीशी घासाघीस करण्याइतके मराठी बोलू लागला. संस्थेने हिंदीऐवजी ही वीस-पंचवीस शब्दांची यादी जरी आधी दिली असती, तरी पहिला महिना खूपच सोपा गेला असता.

जेवणाच्या बाबतीत आमचे भय फुकट गेले. ब्राझीलमध्ये भात आणि घेवड्याची उसळ हे रोजचे दुपारचे जेवण असते, आणि साताऱ्याकडच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा मी एके दिवशी कमी तिखट करून भातावर वाढला तेव्हा तो ताट घेऊन दुसऱ्यांदा आत आला. तिखटाची त्याला सवय नव्हती. दक्षिण ब्राझीलमध्ये मिरची फारशी खात नाहीत. तरीही नाशिकमध्ये राहून मिसळ न खाणे शक्य नव्हते, तेव्हा त्याने रस्सा बाजूला, दही भरपूर आणि पाव चार अशी स्वतःची एक पद्धत शोधून काढली. आमच्या नेहमीच्या मिसळवाल्यांना ती पद्धत पाठ झाली. त्या दुकानात कोणाही ग्राहकाला इतके दही मोफत मिळालेले मी पाहिलेले नाही.

अडचण आली ती अगदी अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे चहाला. त्याच्या राज्यात संध्याकाळी माते नावाच्या झाडाच्या हिरव्या पानांचा चुरा दुधीभोपळ्यासारख्या एका सुक्या तुंबड्यात भरतात, वर गरम पाणी ओततात आणि धातूच्या नळीने ते पेय ओढतात. या नळीला ते ‘बोंबा’ म्हणतात, हे ऐकून आमच्या मुलाला हसू आवरेना. ते तुंबडे एकाच नळीसह सगळ्यांमध्ये फिरते. आपल्यानंतर दुसऱ्याने त्याच नळीला ओठ लावणे हीच तेथे आपुलकीची खूण. त्याने मोठ्या प्रेमाने पहिल्या आठवड्यात ते तयार केले, स्वतः पहिले पाणी प्यायला, कारण तसा शिष्टाचार आहे, आणि मग सासूबाईंपुढे धरले. आमच्या घरात उष्टे म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचे सांगायला नको. सासूबाईंनी हात जोडले, तो गोंधळला, मी इंग्रजीत ‘उष्टे’ समजावायचा प्रयत्न केला आणि मला तो शब्द इंग्रजीत सापडला नाही, कारण तो तेथे नाहीच. शेवटी पतींनी ते तुंबडे घेतले आणि एका दमात संपवले. पुढे त्याच्या आईने टपालाने आणखी दोन नळ्या पाठवल्या. सासूबाईंनी त्यांतली एक आपली म्हणून वेगळी ठेवली आणि आठवड्यातून एकदा त्या ‘कडू काढा’ पिऊ लागल्या. कोणत्याही मार्गदर्शन-पुस्तिकेत हे येणे शक्य नव्हते, त्यामुळे याचा दोष मी संस्थेला देत नाही.

शाळेच्या बाबतीत मात्र दोष देते. मुलाला एका नामांकित कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी विज्ञानात प्रवेश दिलेला होता. नाव मोठे होते, इमारत मोठी होती, आणि वर्गात पहिल्या दिवशी तो धरून सहा विद्यार्थी होते. ज्यांच्या घरात अकरावीचे मूल आहे त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. जेईई आणि नीटच्या शिकवण्यांशी करार केलेल्या अशा महाविद्यालयांत मुलांची नावे पटावर असतात आणि मुले क्लासमध्ये; महाविद्यालयात ती प्रात्यक्षिकांपुरती येतात. ज्या मुलाला मित्र मिळावेत म्हणून अर्ध्या पृथ्वीच्या पलीकडून आणले, त्याला आपण रिकाम्या बाकांच्या वर्गात बसवत होतो. शिक्षक चांगले होते, परंतु त्याचे काय करायचे हे त्यांनाही कळत नव्हते. सहा आठवडे आम्ही संस्थेच्या मागे लागलो. अखेर माझ्या पतींच्या एका मित्राच्या ओळखीने त्याला कला शाखेच्या दुसऱ्या महाविद्यालयात हलवले. तेथे मुले खरोखर वर्गात येत होती, स्नेहसंमेलन होते, नाटकाची तालीम होती, आणि नोव्हेंबरमध्ये एका एकांकिकेत त्याला परदेशी प्रवाशाचे काम मिळाले. पाच वाक्ये मराठीत होती. जागा निवडताना महाविद्यालयाचे नाव न पाहता तेथे मुले प्रत्यक्ष येतात का एवढेच पाहिले असते, तर सप्टेंबर वाया गेला नसता.

आता मदतीच्या व्यवस्थेविषयी. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक स्थानिक मार्गदर्शक असतो, ज्याने महिन्यातून एकदा मुलाशी, आणि वेगळेपणाने यजमानांशीही, बोलणे अपेक्षित असते. आमचे मार्गदर्शक पुण्याला राहत होते. दहा महिन्यांत ते नाशिकला दोनदा आले. दूरध्वनीवर ते सभ्य आणि उत्साही होते, परंतु त्यांच्याकडे एकाच वेळी किती मुले होती हे त्यांनी कधी सांगितले नाही. याचा खरा चटका बसला ऑगस्टमध्ये, जेव्हा मुलाला रात्री अकराला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले. सलाईन लावायला अल्पवयीन मुलाच्या पालकांची संमती हवी होती. संमतीपत्र आमच्याकडे होते, पण पोर्तुगीज भाषेत. इंग्रजी अनुवाद संस्थेच्या कार्यालयात होता. संस्थेचा चोवीस तास चालू असल्याचे सांगितलेला क्रमांक कोणी उचलला नाही. नाशिकची घड्याळे ब्राझीलच्या साडेआठ तास पुढे असतात, त्यामुळे तेथे दुपारचे अडीच वाजले होते आणि त्याची आई लगेच फोनवर आली. डॉक्टरांनी तिच्याशी चित्रफोनवर बोलून, आमची सही घेऊन उपचार सुरू केले. विमा होता, परंतु रोकडरहित सोय त्या रुग्णालयात नव्हती, म्हणून साडेअकरा हजारांचे बिल आम्ही भरले आणि ते परत मिळायला चार महिने लागले. मुलगा दोन दिवसांत ठणठणीत झाला. यजमान होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला माझे कळकळीचे सांगणे आहे की पालकांचे वैद्यकीय संमतीपत्र इंग्रजीत आणि अपोस्टिल केलेले, मूळ प्रतीसह, मूल येताच हातात घ्यावे. भारत आणि ब्राझील दोघेही या आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरणाच्या करारात आहेत, त्यामुळे ते अवघड नाही.

(आजारपणावरून आठवले. घरी परतल्यावर त्याने अशक्त असतानाही गच्चीतील सर्व कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या केल्या, कारण ब्राझीलमध्ये डेंग्यूच्या भीतीने शाळेपासूनच हे शिकवतात. आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर हीच सूचना तीन वर्षे लावलेली होती.)

दिवाळीनंतरचे सहा आठवडे सर्वांत कठीण असतात, हे आम्हाला कोणीतरी सांगायला हवे होते. गणपती, नवरात्र, दिवाळी यांत मुलाला घरची आठवण यायला उसंत नव्हती. फराळ संपला, पाहुणे गेले, आमच्या मुलाच्या परीक्षा सुरू झाल्या, आणि तो खोलीत दार लावून बसू लागला. पुस्तिकेत घरच्यांशी दूरध्वनी आठवड्यातून एकदाच असा सल्ला होता, जो आम्ही पाळत नव्हतो. पण तो पहाटे साडेचारला उठून मित्रांशी बोलतो, कारण तेव्हा तेथे रात्रीचे आठ वाजलेले असतात, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. दिवसा पेंगणारा मुलगा आळशी आहे असे मला वाटत होते, याची मला अजून लाज वाटते. पतींनी त्याच्याशी बोलून वेळ संध्याकाळी साडेसातची ठरवली, तेव्हा तेथे सकाळचे अकरा वाजलेले असतात. नाताळच्या रात्री आम्ही सारे त्याच्याबरोबर मध्यरात्रीच्या प्रार्थनेला गेलो. त्यांच्याकडे तिला ‘कोंबड्याची मिस्सा’ म्हणतात. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेत तो आमच्या आधी पोहोचला होता.

कोठून आलेल्या मुलाला कोठे ठेवायचे याचा विचार संस्था करीत असेल असे मला वाटत नाही, पण आमच्या बाबतीत योगायोगाने तो अचूक जुळला. त्याचे गाव काशियस दो सुल या शहराजवळ आहे, जेथे 1875 पासून आलेल्या इटालियन शेतकऱ्यांनी डोंगरउतारावर द्राक्षे लावली आणि जेथे 1931 मध्ये द्राक्षमहोत्सव सुरू झाला. ऑक्टोबरमध्ये आम्ही त्याला माझ्या दिरांच्या निफाडच्या द्राक्षबागेत गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, पाहायला नेले. मांडवाखाली शिरताच तो थांबला, वर पाहिले आणि म्हणाला की हे त्याच्या आजोबांच्या बागेसारखे आहे. तेथेही वेली डोक्यावरच्या तारांवर चढवतात. मग दिरांनी त्याच्या हातात कात्री दिली. दिरांना इंग्रजी येत नाही आणि त्याचे मराठी तेव्हा जेमतेम होते, तरी संध्याकाळपर्यंत दोघे छाटताना काडीवर किती डोळे, म्हणजे कोंब, ठेवायचे यावर वाद घालत होते. एक गोष्ट त्याला पटता पटेना. एका वर्षात एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा छाटणी, असे दोनदा कशाला? त्याच्याकडे हिवाळ्यात वेल आपोआप झोपतो. आपल्याकडे तो झोपत नाही म्हणून माणसाला त्याला दोनदा उठवावे लागते, असे दिरांनी सांगितले. गंमत अशी की पृथ्वीच्या दोन विरुद्ध अर्ध्यांत असूनही द्राक्षे दोन्हीकडे जानेवारी ते मार्चमध्येच उतरतात.

याच द्राक्षांमुळे त्याने आम्हाला एक पदार्थ खाऊ घातला. सासूबाईंच्या सोमवारच्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी तो श्रावणापासून आवडीने खात होता. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, हे त्याने आम्हाला सांगितले होते, आणि उपवासाचा सगळ्यात सोवळा पदार्थ ब्राझीलचा निघाल्याने सासूबाई काही दिवस विचारात पडल्या होत्या. फेब्रुवारीत दिरांनी काळ्या द्राक्षांच्या दोन पेट्या पाठवल्या. त्याने रस काढला, त्यात साबुदाणा, साखर, लवंग आणि दालचिनी घालून शिजवला आणि गार करून वर दुधाची साय घातली. त्याच्या गावात हा पदार्थ लाल वाइनमध्ये करतात आणि त्याला ‘सागू’ म्हणतात. सासूबाईंनी वाटी हातात घेऊन एकेक जिन्नस मोठ्याने मोजला: द्राक्षे चालतात, साबुदाणा चालतो, साखर, लवंग, साय. दालचिनीपाशी त्या अडखळल्या, शेजारच्या काकूंना विचारून आल्या, आणि पुढच्या एकादशीला तो पदार्थ आमच्या घरी झाला. अजूनही होतो.

हा कार्यक्रम कोणासाठी आहे, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. घरात किमान एक माणूस दुपारी घरी असावा, एक तरी व्यक्ती रात्री अकराला गाडी काढणारी असावी, आणि घरातील मुलाला स्वतःच्या आईवडिलांचे लक्ष काही महिने वाटून घ्यायची तयारी असावी. आमच्या मुलाला पहिल्या महिन्यात ते कठीण गेले आणि त्याने ते बोलूनही दाखवले. दहावी-बारावीचे मूल असलेल्या घराने ते वर्ष टाळावे. मोठ्या संस्थांपैकी काहींमध्ये मुलाला वर्षभरात दोन-तीन कुटुंबांत ठेवतात, काहींत एकाच घरी. आमचा अनुभव एकाच घराचा होता. भाषा आणि नाते यांसाठी ते फार चांगले. परंतु यजमान आजारी पडले किंवा गावाला गेले तर पर्याय काय, याचे उत्तर आमच्या संस्थेकडे नव्हते. मार्चमध्ये माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी मला सांगलीला तीन आठवडे राहावे लागले, तेव्हा घर सासूबाईंनी आणि त्या मुलाने मिळून चालवले. हे संस्थेचे यश म्हणून मोजू नये.

गेल्या महिन्यात संस्थेचे पत्र आले, की जुलैत एक फ्रेंच मुलगी येत आहे, आपण पुन्हा यजमान व्हाल का. आम्ही नकार दिलेला नाही. उलट लेखी चार प्रश्न पाठवले आहेत: नाशिकमध्ये राहणारा मार्गदर्शक कोण असेल, वैद्यकीय संमतीपत्र इंग्रजीत आधी मिळेल का, ज्या महाविद्यालयात घालणार आहात तेथे वर्गात किती मुले येतात, आणि आम्हाला काही दिवस बाहेरगावी जावे लागले तर ती कोठे राहील. चौथा प्रश्न सासूबाईंनी घालायला लावला. पाचवाही त्यांचाच होता, मुलगी माते पिते का, पण तो पतींनी पत्रातून काढून टाकला.